बोरझिरीची उडती तबकडी

सरकारी जीपमधून, सरकारी पेट्रोलवर, रजा न घेता सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जायचं! असा बेत हवाई दलात आजवर कुणी केला नसेल. देवमन तायडेने केला. आणि तो इतका बिनचूक जमला, की आपल्याच अकलेवर खूश होऊन त्याने बराकीतल्या खाटेवर एक अख्खी दुपार नुसतं छताकडे बघत हसण्यात घालवली.

देवमन हा नागपूरकडच्या एका हवाई तळावरचा बिनतारी संदेशवाला. डकोटा विमानात वैमानिकाच्या पाठीमागे बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि दिवसभर टिकटिक ऐकायची, हे त्याचं काम. मूळचा चांदूर रेल्वेजवळच्या बोरझिरीचा. चीनची लढाई होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि सगळ्यांच्या रजा बंद होत्या. नेमकं त्याच वैशाखात बहिणीचं, पंचफुलेचं, लग्न निघालं. देवमनने रजेचा अर्ज टाकला, तो परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. शेवटी तो साहेबापुढे जाऊन उभाच राहिला.

"साहेब, बहीण एकच आहे हो!"

"देशही एकच आहे," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या कागदावर सही करू लागले.

देवमनने अर्जाची घडी करून खिशात घातली.

अशातच ते दिसलं.

संध्याकाळची वेळ होती. डकोटा पश्चिमेकडून परत येत होती. खाली बडनेऱ्याचे दिवे लागायला सुरुवात झाली होती, शेतं काळवंडली होती. पण वर, खूप वर, उजेड अजून शिल्लक होता. आणि त्या उजेडात ते लटकलं होतं. पाण्याचा थेंब पडता पडता थांबावा, तसं. आधी चांदीसारखं, मग गुलाबी, मग कांद्याच्या आतल्या पापुद्र्याच्या रंगाचं. आवाज नाही, हालचाल नाही. जणू आभाळाने कुणालाही न सांगता एक दागिना काढून बघायला घेतला होता.

वैमानिक ग्रेवाल हा सहा फुटी सरदार. लढाईत बर्फाच्या डोंगरांवरून शांतपणे शीळ घालत विमान नेणारा माणूस. त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "ओये तायडे... ये क्या है?"

आता, आकाशातली कुठलीही वस्तू आपण ओळखतो, अशी देवमनची बढाई होती. घारीपासून जेटपर्यंत! त्याने डोळे चोळले, पुन्हा चोळले, आणि म्हणाला, "साहब, ये अपने में का नहीं है."

ग्रेवालने विमान वर काढलं. म्हातारी डकोटा धारणीच्या घाटातल्या बससारखी धापा टाकू लागली. पण जितकं वर जावं, तितकं ते आणखी वरच. शेवटी दोघांनी नाद सोडला. नुसते बघत राहिले. कानातली टिकटिक चालूच होती, पण देवमनला त्या क्षणी एक अक्षरही लागेना. मग रंग विझला आणि ते नाहीसं झालं.

तळावर उतरल्यावर मात्र स्वप्न संपलं आणि चौकशी सुरू झाली. चिन्यांचं असेल का? रशियाचं? की मंगळावरचं? दिल्लीहून स्क्वाड्रन लीडर राघवन आले. हे गृहस्थ उंच, काटकुळे, आणि इतके काटेकोर, की चहात साखर आहे हे ढवळून बघितल्याशिवाय मान्य करत नसत. त्यांनी देवमनला समोर बसवलं.

"वो चीज़ गया किधर?"

खरं सांगायचं तर ती कुठेच गेली नव्हती, जागच्या जागी विझली होती. पण त्या एका प्रश्नासरशी देवमनच्या डोक्यात पेट्रोमॅक्स भकदिशी पेटली!

"चांदूर रेल्वेच्या बाजूला, साहब. बोरझिरी नावाच्या गावावर उतरल्यासारखी वाटली."

"ऊपर से गाँव का नाम दिखता है?"

"माझंच गाव आहे साहेब. वरूनही ओळखतो."

"तो रास्ता भी तुम दिखाएगा. कब जाना ठीक होगा?"

"रविवारी!" देवमन जरा जास्तच लवकर बोलला. "रविवारी आकाश फार स्वच्छ असतं, साहब."

राघवनसाहेबांनी चष्म्यावरून एकवार पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

पंचफुलेचं लग्न रविवारी होतं, हे काय सांगायला हवं!

रविवारी दुपार चढताना जीप बोरझिरीच्या पांदणवाटेत शिरली. धुळीच्या लोटातून बाजा ऐकू येऊ लागला.

"तायडे, ये बाजा किसका?"

"असेल साहेब कुणाचं लग्न."

"किसका?"

"...बहन का, साहब."

"किसके बहन का?"

"मेरी."

साहेबांनी चष्मा काढून त्यावरची धूळ पुसली. मग साहेबांनी विचारलं, "उस चीज़ को मालूम था?"

देवमनने मान खाली घातली. पण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. पोचलो ना! आता साहेबाने गावच्या तळ्यावर बसून दोन दिवस आभाळ मोजावं, आपण इकडे नवरीचा भाऊ म्हणून मिरवावं!

आणि मग जीप वळण घेऊन त्याच्या घरासमोर उभी राहिली. समोर मांडव होता. तो पाहताच देवमनचे पाय जीपमधून उतरायलाच तयार होईनात.

खांब नेहमीचेच होते, निंबाचे. पण त्यांच्यावर कापड नव्हतं, कपाशीच्या पऱ्हाट्याही नव्हत्या. काचेचं आभाळ अंथरल्यासारखं काहीतरी होतं! झिरझिरीत, चंदेरी, पारदर्शक. मधोमध त्याचा फुगीर घुमट झाला होता. वैशाखातलं ऊन त्यातून गाळून खाली येई, ते दुधात केशर पडल्यासारखं दिसे. वाऱ्याची झुळूक आली की सगळा मांडव हलकेच श्वास घेई, सोडी. दूर कुणीतरी रेशीम चुरगाळतंय असा आवाज होई. खाली पाहुणे मंडळी तोंडं उघडी टाकून, अर्धवट झोपेत, नुसती वर बघत पडली होती.

तोच रंग! तोच थेंब! फक्त कापून, पसरून, खांबांना बांधलेला!

(पुढे दोनेक वर्षांनी उलगडा झाला. दक्षिणेत काही शास्त्रज्ञ मंडळी आभाळातले किरण मोजायला प्लास्टिकचे प्रचंड फुगे सोडत. यंत्रांची पेटी हवाई छत्रीला लटकून एकीकडे उतरे, फाटका फुगा वारा नेईल तिकडे पडे. पण तेव्हा बोरझिरीत हे कुणाला ठाऊक!)

देवमनने बापाला, जानरावला, कोपऱ्यात ओढलं. "बाबा, हे कुठून आनलं?"

"आनलं काहून? आभायातून पडलं थे!" जानराव छाती काढून म्हणाला. "आपल्या नांगरलेल्या वावरात. मले पहिले वाटलं, ढगच मरून पडला! आठ गडी लागले उचलाले. आता अकोल्याचे व्याही काय म्हनतील ते म्हनोत, असा मांडव अख्ख्या जिल्ह्यात कोनाच्या बापाने घातला नाई!"

"अन् शिवलं कोनं?"

"मैंने!" गावचा शिंपी गयासुद्दीन मागून उगवला. "क्या कपड़ा है, देवमन भाई! सुई डालो तो रोता है. फिर मैंने अख़बार रखके इस्तरी फेरी, तो ऐसा चिपका, ऐसा चिपका, जैसे दूल्हे का मामा खाने से!"

"अरे बाबा, हा साहेब ह्याचाच शोध घ्याले आला हाय!"

"मंग सापडलं म्हना की! चाय पाज त्याले."

"सापडलं म्हंजे घेऊन जाईन ना थो! जप्त! लग्नाच्या आधी!"

जानरावच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. व्याह्यांना त्याने अकोल्यापर्यंत निरोप धाडला होता, मांडव पाहायला सगळं गणगोत आणा म्हणून! आता डोक्यावर उघडं आभाळ दाखवायचं? नाकच कापलं जाणार! तेवढ्यात देवमनची माय पार्बताबाई पदर खोचत आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"लग्न लागेपर्यंत कोनी तोंड उघडाचं नाई," ती म्हणाली. "लागल्यावर नेऊ दे त्याले मांडव, नाही तर घर. अन् तू रे देवमन्या, तोंड असं केरसुनीसारखं करून काहून उभा रायला? बहिनीले भेट जाय!"

घटकाभरात गावभर कानोकान झालं आणि बोरझिरी मुकी झाली. राघवनसाहेबांनी चौकशी मांडली, ती नेमकी त्या मांडवाखालीच, कारण सावली तिथेच होती. साक्षीदार एकेक करून यायचा. "आसमान में कुछ देखा?" असं विचारलं, की त्याची मान आपोआप वर जायची, मांडवावर स्थिरावायची, आणि मग चटका बसल्यासारखी खाली यायची. "नाही जी!"

"मास्टर, तुम देखा?"

"हम तो साहब नीचे देखनेवाले आदमी," गयासुद्दीन म्हणाला. "सुई का छेद ही हमारा आसमान!"

एका म्हातारीने तर, आपण आभाळाकडे बघतच नाही, कंबर वाकल्यापासून ते आपल्याला दिसलेलंच नाही, असं सांगून साहेबांना गप्प केलं.

मग जेवण झालं. आमरसाच्या तिसऱ्या वाटीनंतर साहेबांच्या काटेकोरपणाची एकेक घडी उलगडू लागली. जानरावने मांडवात बाज टाकली. साहेब बूट काढून आडवे झाले. वर तो चंदेरी घुमट श्वास घेत होता. ऊन कलत होतं, तसा त्याचा रंग हळूहळू गुलाबी होत होता. देवमन पायथ्याशी घाम पुसत उभा होता.

"तायडे," साहेब झोपाळू आवाजात म्हणाले, "उस चीज़ का रंग कैसा था?"

देवमनला खोटं सुचेना. "बिलकुल ऐसा, साहब."

"इस मंडप जैसा?"

"जी."

"अच्छा." साहेबांनी पडल्या पडल्या लिहिलं: रंग, मांडवासारखा. पुन्हा वर बघत राहिले. "आकार?"

"हा... असाच, साहब. फुगीर."

"मंडप जैसा," साहेबांनी लिहिलं. मग पेनला टोपण लावून त्यांनी ते छातीवर ठेवलं. देवमनला वाटलं, संपलं! पण साहेब निराळंच काही बोलले.

"मेरे गाँव में समुंदर है, तायडे. सुबह मछलीवाले जाल सुखाते हैं ना, उसके नीचे ऐसा ही उजाला होता है. मेरी बहन का शादी वहीं हुआ, जाल के नीचे. मैं नहीं था. ड्यूटी पे था." त्यांनी कूस बदलली. "तुम अच्छा किया."

हे ऐकल्यावर देवमनला जे वाटलं, ते कोर्टमार्शलपेक्षा वाईट होतं. खरं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं. पण तेवढ्यात बाजा वाजला. अकोल्याचं वऱ्हाड आलं! स्टेशनवरून आलेल्या बैलगाड्यांतून उतरता उतरताच मंडळी वर बघून थबकली. व्याही श्रावणजी, रेल्वेतून निवृत्त झालेला, भरदार मिशांचा, लोकरी काळ्या कोटातला माणूस. तोही मान वर करून म्हणाला, "वा जानराव! हे तं काहीच्या काही झालं बाप्पा!" आणि उकाड्याने हैराण होऊन त्याने कोट काढला, मांडवाच्या आडव्या बांबूला अडकवला.

जानरावची छाती बंडीत मावेना. देवमनने जीभ आवरली.

दिवस मावळायला आला. मांडवात पेट्रोमॅक्स पेटल्या. एका अंगाला बुंदीच्या चुली धडधडत होत्या, त्यांचा सगळा उबारा त्या घुमटात जाऊन बसत होता. पंचफुला पांढऱ्या लुगड्यात पुढे आली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार चढले. देवमन केस विंचरून तयार झाला, तोच साहेबांची हाक आली.

"तायडे! यही टाइम था ना? चलो, तालाब पे!"

"आत्ता, साहब?"

"वही रोशनी है. दूरबीन लाओ!"

झालं! ज्या लग्नासाठी एवढी सगळी खटपट केली, त्याच लग्नाकडे पाठ करून देवमन तळ्याच्या पाळीवर उभा राहिला. मागे ध्वनिक्षेपकावर 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू झालं. त्याचे ओठ आपोआप हलू लागले. डोळे मात्र रिकाम्या आभाळावर. समोर तळ्यात एकच बगळा उभा होता, तोही चौकशी समितीवर असल्यासारखा.

आणि मग वावटळ आली. वैशाखातली, रिकामटेकडी, गरगरत येणारी. तळ्यावरून ती सरळ गावात घुसली. देवमनला मागून आधी एक मोठा 'भस्स' असा आवाज ऐकू आला. मग ध्वनिक्षेपक गप्प झाला. मग सगळ्या गावाने एकदमच श्वास घेतला.

"तायडे!" साहेबांनी दुर्बीण वळवली होती. "तायडे! वो... वो ऊपर आ रहा है!"

देवमनने वळून बघितलं. चिंचेच्या शेंड्यावरून, दोऱ्या मागे सोडत, तो चढत होता. चुलींच्या उबाऱ्याने फुगलेला, गुलाबी, आतून उजळलेला. इतका हळू, इतका निवांत, की घाई त्याला ठाऊकच नसावी.

"गोल है! चमकता है! नीचे कुछ हरा-हरा... पत्ते? पत्ते हैं, तायडे! आम के!" साहेब ओरडत होते. आणि मग त्यांनी दुर्बीण घट्ट धरली. "हे भगवान! एक आदमी भी है! काला! दोनों हाथ फैलाया है! तायडे, उसको सिर नहीं है!"

देवमनने डोळे मिटले. पुन्हा उघडले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे होतं, ते सगळ्या तालुक्याच्या डोक्यावर तरंगत होतं.

"साहब," तो म्हणाला, "वो आदमी नहीं. वो व्याहीजी का कोट है. पत्ते आमच्या दाराच्या तोरणाचे आहेत. आणि ती चीज... तो आमचा मांडव आहे साहेब. तुम्ही दुपारी त्याच्याखालीच झोपला होता."

आणि मग त्याने सगळंच सांगितलं. रजा, रविवार, वावरात पडलेला ढग. साहेब ऐकत होते, पण दुर्बीण खाली आली नाही. मांडव चढत गेला. गुलाबीचा चंदेरी झाला, चंदेरीचा कांद्याच्या पापुद्र्याचा रंग झाला. व्याह्यांचा कोट एक काळा ठिपका झाला, मग तोही गेला. खाली अंधार उतरत होता आणि वर, एकट्यालाच शिल्लक राहिलेला उजेड नेसून, तो पश्चिमेला निघाला होता. देवमनला आपल्या नोकरीचं काय होणार, हे आठवायला हवं होतं. पण त्या घटकेला त्याला एवढंच वाटलं, की ग्रेवालसाहेब इथे असायला हवा होता.

बऱ्याच वेळाने साहेबांनी दुर्बीण गळ्यात सोडली.

"शादी हो गया?"

"अभी नहीं, साहब. चल रहा होगा."

"तो इधर क्या करता है, मूरख! भागो!"

दोघे धावत सुटले. पुढे देवमन, मागे बूट हातात घेतलेले स्क्वाड्रन लीडर!

लग्नघरी सगळ्यांच्या माना अजून वरच होत्या. निंबाचे खांब उघडेबोडके उभे होते. व्याही श्रावणजी नुसत्या सदऱ्यावर, मिशा फेंदारून जानरावपुढे उभे. "जानराव! माहा कोट?"

जानरावच्या कपाळावर घाम. जन्मभराची अब्रू डोळ्यांदेखत उडून चालली होती. पण वेळेला माणसाला सुचतं ते असं!

"व्याही," तो म्हणाला, "पोरीसोबत पाठराखीण लागते का नाई? माहा मांडव गेला तुमच्या अकोल्याले, पोरीच्या पुढे! अन् असं मोठं मानूस जाते, तं त्याच्यासंगं तुमच्याकडचं कोनी नको का? तुमचा कोट गेला!"

श्रावणजींच्या मिशा आधी हलल्या. मग पोट हललं. मग ते असे खदखदून हसले, की दबकून बसलेलं वऱ्हाड सुटलंच! हसता हसता कुणीतरी पुन्हा मंगलगाथा धरली. डोक्यावर आता नुसतं आभाळ होतं, त्यात एकेक चांदणी उमटत होती. वधूवरांवर फुलं पडली. पंचफुलेने मान वर केली, तेव्हा समोर भाऊ उभा होता, धापा टाकत, रडत, हसत. त्याच्या शेजारी गळ्यात दुर्बीण घातलेला एक काटकुळा अनोळखी माणूस अनवाणी उभा होता आणि ओंजळीतलं एकेक फूल फार जपून, काटेकोरपणे टाकत होता.

परतीच्या वाटेवर साहेब एवढंच म्हणाले, "तुम अपना बयान लिखो. मैं अपना लिखता हूँ."

देवमनने शहाणपणा केला. 'आम्ही पाहिली ती वस्तू शुक्राची चांदणी असावी', असं लिहून मोकळा झाला. ग्रेवालनेही डोळा मारून त्याखाली सही ठोकली. पंधरा दिवस काही झालं नाही. मग हुकूम आला: शुक्र न ओळखू शकणाऱ्या दोघांनीही लष्करी इस्पितळात डोळे तपासून घ्यावेत!

इस्पितळाच्या लांबलचक ओसरीत दोघे बाकावर जाऊन बसले. पलीकडच्या टोकाला कुणीतरी ताठ बसलं होतं. राघवनसाहेब! देवमन ताडकन उभा राहिला, सलाम ठोकला.

"साहब, आप भी? आपने भी शुक्र लिखा?"

"शुक्र क्यों लिखूँगा?" साहेब चिडून म्हणाले. "मैंने जो देखा वही लिखा. शादी का मंडप, आम का पत्ता, एक कोट. पूरब से पश्चिम. सब सच!"

"मग साहब, तुमचेही डोळे तपासणार?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांच्या डॉक्टरच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "वो तुम्हारे लिए है." मग बाजूच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"मेरे को डोके के डॉक्टर ने बुलाया है."